लक्ष ठेवा, पण कोणी?

मूल पलंगावरून पडलं, कपाळावर टेंगूळ आलं, रडून झालं आणि आता ते दूध पिऊन खेळतंय. तरी घरच्यांचा जीव थाऱ्यावर नसतो. कुणी कांदा हुंगवा म्हणतं, कुणी झोपू देऊ नका म्हणतं, आणि कुणी तरी ‘एकदा सीटी करून टाका, डोक्याला ताप नको’ असं सुचवून मोकळं होतं.

त्यातला सीटीचा प्रश्न बराचसा सुटला आहे. डोक्याला वरवर सौम्य मार लागलेल्या ४२ हजारांहून अधिक मुलांचा अमेरिकेतला अभ्यास २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. मेंदूची गंभीर इजा शंभरात एकालाही नव्हती. शस्त्रक्रिया लागली ती हजारात साधारण एकाला. शुद्ध हरपणं, उलटी, उंचावरून पडणं, कवटीच्या हाडाला चीर गेल्याच्या खुणा अशा लक्षणांची वयानुसार यादी त्यातून निघाली. यादीतलं काहीच नसेल तर सीटी नको, कारण कोवळ्या मेंदूला किरणांची मात्रा उगीच का द्यायची? तान्ह्या बाळाच्या कपाळावरचं टेंगूळ दिसायला भयंकर, पण त्या यादीत नाही. कानाच्या वर किंवा डोक्याच्या मागे आलेला मऊ फुगवटा मात्र आहे.

याच यादीत दोन वर्षांखालच्या मुलांसाठी आणखी एक लक्षण आहे: मूल नेहमीसारखं वागत नाही, असं आईवडिलांना वाटणं. आपल्या ओपीडीत ‘डॉक्टर, हा असा नसतो हो’ हे वाक्य ‘आई घाबरलीय’ म्हणून उडवलं जातं. खरं तर ती तपासणीतली नोंद आहे.

अवघड असतात ती मधली मुलं. एखादंच लक्षण आहे, पण मूल हसतंय. अशांना मार लागल्यापासून चार-सहा तास नजरेखाली ठेवतात. भीती असते ती कवटीच्या आत हळूहळू साचणाऱ्या रक्ताची. काही तास मूल ठीक दिसतं, मग डोकेदुखी वाढते, उलट्या थांबत नाहीत, ते सुस्तावत जातं. तेव्हा वेळेला किंमत असते.

हे तास घरी काढायचे की रुग्णालयात? रुग्णालयात लक्ष जास्त असतं, हा समज मला पटत नाही. भरलेल्या वॉर्डात एका सिस्टरकडे किती खाटा असतात, ते आपण पाहतोच. मुलाकडे रात्रभर टक लावून बसलेली असते ती आईच. रुग्णालयाचा खरा फायदा जवळिकीचा: काही बिघडलंच तर डॉक्टर तिथल्या तिथे भेटतो. म्हणून सारखंच टेंगूळ घेऊन आलेल्या दोन मुलांबाबत दोन निर्णय बरोबर असू शकतात. कोथरूडच्या मुलाला मोठं रुग्णालय रिक्षाच्या अंतरावर आहे. त्याला खुशाल घरी पाठवा. मोखाड्याच्या पाड्यावरून न्यूरोसर्जन गाठायचा तर रात्री गाडी शोधून नाशिकची वाट धरायची. त्या मुलाला ठेवून घेणं म्हणजे अतिसावधपणा नव्हे.

(पडण्याची हकीकत आणि मार यांचा मेळ बसत नसेल, म्हणजे मारहाणीची शंका असेल, तर घराचा विचारच नको.)

आणि घरी पाठवायचं तर ‘लक्ष ठेवा’ एवढ्यावर भागत नाही. झोप आली तर झोपू द्यावं; दमलेल्या मुलाला जागं ठेवलं की ते किरकिर करतं आणि खरं लक्षण त्यात लपतं. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर मध्ये उठवावं. कुरकुरत का होईना, आईला ओळखून त्याने कूस बदलली तर ठीक. उठतच नसेल, आकडी आली, एका बाजूचा हात लुळा वाटला, नाकाकानातून पाणी आलं, तर थेट १०८. हे मराठीत छापलेल्या कागदावर हातात द्यावं. तोंडी सांगितलेलं दारापर्यंतही टिकत नाही.

त्याआधी डॉक्टरांनी विचारायचा प्रश्न साधा आहे: आज रात्री याच्याजवळ कोण आहे? ऊसतोडीच्या टोळीत आईबाप रात्री-अपरात्री गाडी भरायला जातात आणि धाकटं कोपीत नऊ-दहा वर्षांच्या ताईच्या भरवशावर असतं. अशा मुलाला रात्रभर दाखल करून घ्यायला केसपेपरवर ‘घरी बघायला मोठं माणूस नाही’ एवढं कारण पुरेसं धरलं पाहिजे.