आपलं गाणं परक्यांना सांगणार कोण?

जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने ऑक्टोबर २००५ मध्ये ‘जे-मेलो’ हा कार्यक्रम सुरू केला. गाणी जपानी, निवेदन इंग्रजी आणि प्रेक्षक जपानबाहेरचा. सुरुवातीच्या निवेदिका लिसा ओनो मूळच्या ब्राझीलमधल्या, साओ पावलोत जन्मलेल्या बोसा नोव्हा गायिका. पुढे मे जे ही गायिका निवेदनाला आली आणि अनेक वर्षं कार्यक्रमाचा चेहरा बनून राहिली. तिचे वडील जपानी आणि आईच्या घराण्यात इराणी वारसा. पॉप, रॉक, ॲनिमेची गाणी, एन्का म्हणजे जुन्या वळणाची जपानी भावगीतं, जॅझ, कोतो-शामिसेनसारखी परंपरेतली वाद्यं, सगळं त्या अर्ध्या तासाच्या भागांतून येऊन गेलं. जगभरातले प्रेक्षक आपली फर्माईश कळवत आणि तिला कार्यक्रमात मानाची जागा असे.

यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की गायकाला कोणी इंग्रजीत गायला सांगितलं नाही. गाणं जसंच्या तसं जपानीत राहिलं; परक्याच्या भाषेत बोलण्याचं काम निवेदिकेने केलं. शिवाय निवेदिका स्वतः गाणारी होती. गाण्यात मुरलेलं माणूस जेव्हा गाण्याची ओळख करून देतं, तेव्हा ऐकणारा निर्धास्त होतो. आणि हे सगळं एका देशाच्या सार्वजनिक वाहिनीने, आपलं काम समजून, वर्षानुवर्षं नेटाने केलं.

कोल्हापुरात बसून हा विषय का काढावा? कारण जपानचं आणि कोल्हापूरच्या परंपरेचं गाणं एकाच तबकडीवर बसून सूर्यमालेच्या बाहेर निघालं आहे. १९७७ साली अमेरिकेच्या नासाने दोन व्हॉयेजर यानं सोडली. प्रत्येकाबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली एक ध्वनिमुद्रिका होती. तिच्यावर पृथ्वीवरच्या संगीताचे २७ तुकडे आहेत. त्यांत यामागुची गोरो यांचं शाकुहाची, म्हणजे बांबूची जपानी बासरी, आहे आणि केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवीही आहे. दुसरं यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

केसरबाई गोव्यातल्या केरीच्या. लहानपणी कोल्हापुरात आल्या, काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या आणि पुढे मुंबईत अल्लादिया खाँसाहेबांच्या गंडाबंध शिष्या झाल्या. खाँसाहेब १८९५ पासून शाहू महाराजांचे दरबारी गायक होते. १९२२ मध्ये महाराज गेले, तोवर खाँसाहेबांचा मुक्काम कोल्हापूरच. आज जयपूर-अत्रौली म्हणून जी गायकी जगभर ओळखली जाते, तिच्यावर या गावाचा हक्क आहे तो यामुळे.

पण ती भैरवी तबकडीवर पोहोचली कशी, हे ऐकलं की मन खट्टू होतं. भारताकडून ती कोणी पाठवली नव्हती. रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीतज्ञाने तिची शिफारस केली. कार्ल सेगन यांच्या मंडळींनी ध्वनिमुद्रिका शोधायला सुरुवात केली, तर ती मिळता मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमध्ये लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तीन प्रती सापडल्या. एका प्राध्यापकाची जाण आणि एका दुकानातलं खोकं, एवढ्या आधारावर आपलं गाणं ताऱ्यांकडे गेलं. ब्राउन यांचं ऋण मान्य केलंच पाहिजे. पण आपण स्वतः कोणाला काही सांगितलं होतं का, हा प्रश्न उरतोच.

जयपूर गायकी परक्याला समजावणं अवघड आहे, हे खरं. ती पहिल्या भेटीत फारशी बोलत नाही. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे. समजा, असा अर्ध्या तासाचा भाग कोल्हापुरात करायचा ठरला आणि त्यासाठी या घराण्याचा खास राग बसंती केदार निवडला. गायकाने आधी नुसत्या बसंताची एक ओळखीची जागा घ्यावी, मग केदाराची. निवेदकाने तेवढंच सांगावं की आता हे दोघे एकाच रस्त्याने चालणार आहेत, तेव्हा कोण कुठे वळतो ते ऐका. मग तीनतालाच्या सोळा मात्रा टाळीने मोजून दाखवाव्यात आणि म्हणावं, मध्ये कितीही फिरले तरी दोघे या पहिल्या मात्रेवर येऊन भेटतील, वाट पाहा. त्यानंतर निवेदकाने गप्प बसावं. ओसाकातला किंवा ओस्लोतला माणूस तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला त्या पहिल्या मात्रेची, म्हणजे समेची, वाट पाहू लागेल. एकदा समेची ओढ लागली की पुढचं काम गाणं करतं.

आमच्यातल्या जाणत्या मंडळींना हे पटत नाही. सोपं करून सांगण्याने विद्या पातळ होते, अशी त्यांची भीती. त्या भीतीमागे मोठी माणसं उभी आहेत. अल्लादिया खाँसाहेबांनी आपलं गाणं ध्वनिमुद्रित होऊ दिलं नाही, म्हणून त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकता येत नाही. केसरबाईही ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फार कडक. मी त्या निर्णयांचा आदर करतो. मात्र त्यांना धास्ती होती ती विद्या चोरीला जाण्याची, नक्कल होण्याची. रसिकाला बोट धरून बैठकीत आणून बसवणं ही निराळी गोष्ट आहे. गोविंदराव टेंब्यांनी खाँसाहेबांचं चरित्र मराठीत लिहिलं तेव्हा कोणती विद्या पातळ झाली? कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी भुर्जी खाँसाहेबांकडे आणि पुढे केसरबाईंकडे शिकल्या. त्यांच्या शिष्या नमिता देवीदयाल यांनी ‘द म्युझिक रूम’ हे इंग्रजी पुस्तक २००७ मध्ये लिहिलं. रागाचं नावही माहीत नसलेले वाचक त्या पुस्तकाच्या वाटेने या घराण्यापाशी आले. घरातल्या माणसाने सांगितलं, म्हणून ते गाणं दुरून कुतूहलाने पाहायची वस्तू झालं नाही.

आणि कोल्हापूर म्हणजे काही फक्त ख्याल नव्हे. खासबागेत कुस्ती लागते तेव्हा हलगी ऐका. वाजवणारा आधी जाळावर हलगी शेकतो, चामडं ताणलं गेलं की बोटाने ठोकून पाहतो, आवाज खणखणीत होईपर्यंत पुन्हा शेकतो. मैदानात पैलवानांची खडाखडी चालू असते तोवर लय एक असते आणि डाव रंगात आला की ती चढत जाते. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याच्या पिवळ्या धुळीत धनगरी ढोल वाजतात, तो नाद छातीत उतरतो. शाहीर पिराजीराव सरनाईकांचा पोवाडाही याच मातीतला. जपान्यांनी एन्का आणि रॉक एकाच कार्यक्रमात शेजारी बसवले. आपण मात्र गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या पंगती अजून वेगळ्या मांडतो. हलगीवाल्याला सुपारी देतो, त्याचं नाव विचारत नाही. बाहेरच्यांसाठी कार्यक्रम करायला बसलो तर पहिला प्रश्न हाच येईल, की वाजवणारा कोण, कोणाकडे शिकला? त्या निमित्ताने आपल्यालाही ते कळेल.

साधनांची वाण आहे असं मला वाटत नाही. परदेशातल्या प्रेक्षकांसाठी दूरदर्शनने १९९५ मध्ये स्वतंत्र वाहिनी काढली. आज ‘डीडी इंडिया’ मुख्यतः इंग्रजी बातम्यांची वाहिनी आहे. मराठीत गाण्याचे उत्तम कार्यक्रम झाले, होतात, पण त्यांचा श्रोता आधीच घरचा असतो. अमेरिकेत वाढलेल्या मराठी घरातल्या मुलीलाही, जिला मराठी कळतं पण ‘अस्ताई’ कळत नाही, त्या कार्यक्रमात शिरायला जागा सापडत नाही. परका परका म्हणतो तो पुष्कळदा आपल्याच घरातला असतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभारलेली ती वास्तू पुन्हा उभी राहावी म्हणून सारं कोल्हापूर कळवळलं. तसा कळवळा गाण्यासाठीही हवा. १८८३ पासूनचा गायन समाज देवल क्लब इथे आहे, शिवाजी विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, आकाशवाणीचं केंद्र आहे आणि चांगलं इंग्रजी बोलणारी, रियाज करणारी मुलंमुली आहेत. या सगळ्यांनी एकत्र बसून वर्षाला बारा भाग करावेत: गाणं आपल्या भाषेत, निवेदन इंग्रजीत, निवेदक गाणारा-वाजवणारा, आणि प्रेक्षकांच्या पत्रांना उत्तर देण्याची सोय. पहिला भाग बसंती केदाराचा करा, दुसरा हलगीचा.

वाचकांनाही एक विनंती. तुमच्या घरी जुन्या बैठकींच्या स्पूल किंवा कॅसेट माळ्यावर पडल्या असतील, तर बुरशी चढण्याआधी त्यांची प्रत उतरवून घ्या. कोण गातंय, साथीला कोण, गाव कोणतं, साल कोणतं, एवढं घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहा आणि ती प्रत जवळच्या संगीत संस्थेला द्या. हे काम याच दिवाळीच्या सुट्टीत होण्यासारखं आहे.