आवश्यकतेची टिपणी

सन २०२२च्या दिवाळीपूर्वी नातवाबरोबर इंदूरच्या जेल रोडवरील एका दुकानात गेलो होतो. आयफोन तेरा घ्यावा की चौदा, एवढाच प्रश्न होता. दोहोंचा पडदा ६.१ इंचांचा, चिपही तीच, ए-१५. चौदाचा कॅमेरा अंधुक उजेडात थोडा उजवा, आणि मोटारीचा अपघात ओळखून मदत बोलावण्याची सोय नवी. चौदाची किंमत ७९,९०० रुपये. तेराची नुकतीच तेवढ्यावरून ६९,९०० वर आलेली. मी तत्काळ तेराच्या बाजूने कौल दिला. दहा हजार वाचविल्याचे समाधान घेऊन घरी आलो, आणि रात्री झोप लागेना.

शासकीय सेवेत खरेदीचे तुलनात्मक तक्ते मी पुष्कळ तपासले. परंतु तक्त्याच्या आधी आवश्यकतेची टिपणी आणि जुनी वस्तू निरुपयोगी झाल्याचा दाखला मी मागत असे. नसल्यास नस्ती परत जाई. (हाताखालची मंडळी यावरून मला हसतही असत.) दुकानात मात्र आरंभच तक्त्यापासून झाला. दोन वस्तू शेजारी मांडल्या की काहीच न घेण्याचा पर्याय नजरेआड होतो आणि स्वस्त वस्तू निवडणारा स्वतःस काटकसरी समजू लागतो. विक्रेत्यास दोष कसा द्यावा? त्याचा शब्दन्‌शब्द खरा होता. नातवाला निदान फोन हवा होता; मला शहाणपणाचा मान हवा होता.

त्याचा जुना फोन माझ्या टेबलाच्या खणात आहे. परवा चार्ज करून पाहिला. चालू झाला.