भोग म्हणावा की उशाशी बसावे?

आषाढी जवळ आली, की हरिपाठ आटोपल्यावर पारावर एक प्रश्न हमखास निघतो. कुणाच्या घरी कोणी वर्षानुवर्षे दुखण्याने बेजार असते. मग एखादा माळकरी विचारतो, "बुवा, हा ज्याच्या त्याच्या पूर्वकर्माचा भोग. त्यात आपण काय करणार?" प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर आम्ही स्वतः एकदा चुकलो आहोत. ती चूक आधी पदरात घेतल्याशिवाय पुढे चार शब्द लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही.

आमच्या दिंडीतल्या एका घरची सून. वय तिशीच्या आत. गालांवर लाल चट्टे उठले, सांधे धरले, ताप हटेना. डॉक्टरांनी ल्युपस असे निदान केले. बाहेरच्या रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीर जी फौज बाळगते, तीच फौज या रोगात आपल्या माणसांवर उलटते. राखणदारानेच घर लुटावे तशी गत. दहा रुग्णांत नऊ बायका, आणि त्याही बहुधा ऐन संसाराच्या वयातल्या. पुष्कळांच्या बाबतीत रोग मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. तिचाही पोहोचला. स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी चेहरा सुजून वाटोळा झाला, झोप उडाली, चिडचिड वाढली. आळीतल्या बायका म्हणू लागल्या, "आजारी कसली? चांगली भरलेली तर दिसते!" त्यातच एके दिवशी समाधान करायला म्हणून गेलेले आम्ही बोलून गेलो, "पोरी, मागचं काही असेल. भोगून संपवायचं."

तिने नुसती मान हलवली, आणि पुढे कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. या गोळ्या एकाएकी सोडणे जिवावर बेतू शकते, हे तिला ठाऊक नव्हते असेही नाही. पायांवर सूज आली, धाप लागली, आणि इस्पितळ गाठावे लागले. मूत्रपिंडे पुरती थकली. आता आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, दर खेपेस सुमारे चार तास.

तिथल्या सिस्टरने "गोळ्या का सोडल्यास?" म्हणून तिला दटावले नाही. स्टूल ओढून जवळ बसली आणि म्हणाली, "तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं, ते सांग." बऱ्याच वेळाने सून बोलली, "भोगूनच संपवायचं, तर लवकर संपू दे म्हटलं. घरच्यांवर भार तरी नको." हे आम्हांस तिच्या सासूने सांगितले. त्या दिवशी वीणा हातात धरवेना.

सज्जनहो, कर्माचा सिद्धान्त आम्ही टाकीत नाही. पण तो कोणी कोणासाठी उच्चारावा, याला मर्यादा आहे. स्वतःच्या दुःखात माणसाने 'हा माझा भोग' म्हटले तर त्याचे मन शांत होते. दुसऱ्याच्या दुःखात आपण तेच म्हटले, तर आपले हात मोकळे होतात, आणि त्याच्या दुखण्यावर अपराधाचे ओझे चढते. शब्द तेच, एकदा औषध, एकदा विष. नाथांनी काशीहून आणलेल्या कावडीतले पाणी तहानेल्या गाढवाच्या मुखी घातले, तेव्हा त्याचे पूर्वकर्म विचारले नाही. तिचे दुखणे हा तिचा भोग असेल, तर तिच्या उशाशी बसणे हे आपले कर्म आहे. त्याचा हिशेब आपल्याकडे मागितला जाईल.

कोणी म्हणेल, मग काय खोटा दिलासा द्यायचा? मुळीच नाही. ल्युपस समूळ जात नाही, पण औषधांनी पुष्कळदा आवरता येतो. तो कुणाच्या पापाने होतो असे वैद्यकशास्त्र सांगत नाही, आणि तो स्पर्शाने लागतही नाही. हे खरेच सांगावे, पण जवळ बसून सांगावे. जाणत्या परिचारिका हेच करतात. त्या आधी ऐकतात. चेहरा का सुजला, थकवा का येतो, हे समजावतात. 'जन्मभराचे कसे होणार' या डोंगराऐवजी 'आजचा दिवस कसा जाईल' एवढेच समोर ठेवतात. घरच्यांनाही बोलावून घेतात, कारण रुग्णाइतकेच तेही थकलेले असतात. डायलिसिसवर असलेल्यांत साधारण पाचांत एकाला तरी खोल उदासी घेरते. ती भक्तीची उणीव नव्हे, तेही दुखणेच आहे, आणि त्यालाही उपचार आहेत. रुग्ण 'नकोसे झाले' म्हणू लागला, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नये. डॉक्टरांना लगेच सांगावे. सरकारने 2022 साली सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

आता एकादशीविषयी. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तातले पोटॅशियम बाहेर टाकले जात नाही, आणि ते फार वाढले तर हृदय बंद पडू शकते. बटाटा, रताळे, केळे, शेंगदाणे, म्हणजे आपले सारे फराळाचे ताट, यांत ते भरपूर असते. पाणीही मापूनच प्यावे लागते. असे असताना "एकादशी मोडलीस?" असे सुनेला विचारणारी जीभ धर्म राखते की प्राण घेते? आमचे स्पष्ट मत आहे की, डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य हेच अशा माणसाचे व्रत. ज्याला रोज तहान मारावी लागते, त्याला आणखी कोणता उपवास आपण शिकवणार?

आणि वारी? ल्युपसला ऊन बाधते. फौज आवरणाऱ्या औषधांमुळे गर्दीतला संसर्गही चटकन होतो. तिला वारी नाही, आणि तिची सासूही दोन वर्षे घरीच आहे. सासू एकदा डोळे पुसत म्हणाली, "बुवा, माझी वारी चुकली." आम्ही म्हणालो, "माउली, पांडुरंग विटेवर का उभा आहे? पुंडलीक आईबापाची सेवा करीत होता म्हणून. ती अर्धी टाकून दर्शनाला ये, असं देव म्हणाला नाही. तो थांबला. तो तुमच्यासाठीही थांबेल." या वेळी मात्र आम्ही चुकलो नाही, असे वाटते.

परवा आम्ही डायलिसिसच्या वेळी तिच्यापाशी जाऊन बसलो. उपदेश केला नाही. क्षमा मागितली. ती थोडी हसली, म्हणाली, "बुवा, यंदा दिंडी कुठवर आली, ते सांगा." चार तास आम्ही मुक्कामामागून मुक्काम सांगत होतो. यंत्र फिरत होते.

यंदा दिंडीबरोबर निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या गावातल्या अशा एका तरी अंथरुणापाशी घटकाभर बसावे. बोलायला काही सुचले नाही तर ऐकावे. परत आल्यावर प्रसादाबरोबर वाटेतली हकीकतही पोहोचवावी. एवढी सेवा आपल्या हातची आहे.

रामकृष्णहरि.