रिकाम्या जागेवरून उचललेला वखर

आमचं रिसोड तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. वाशिम जिल्हा व्हायला १९९८ उजाडायचं होतं. दसरा झाला होता. मूग निघालेल्या वावरात हरभऱ्यासाठी वखरणी सुरू होती. संध्याकाळी बाबा घरी आले आणि हातपाय धुता धुता म्हणाले, "बाभळीखाली घोयऱ्याची मादी माती उकरून रायली. अंडे घालते वाटते. कोनी हात लावू नका. मी तेवढ्या जागेवरून वखर उचलून घेतो."

घोयरा म्हणजे आपला शॅमेलिऑन. साधा सरडा कुंपणापर्यंत तरी धावतो. हा धावतच नाही. एक पाय उचलतो, झुलतो, विचार केल्यासारखा पुढं ठेवतो. दोन डोळे दोन दिशांना. विषारी समजून लोक त्याला ठेचतात. खरं तर त्याला विष नसतंच. झाडावर राहणारा हा जीव अंडी घालायला मात्र खाली येतो, जमिनीत पुरतो, माती लोटतो आणि निघून जातो.

मी दहा वर्षांचा होतो. वखर उचलायचं बाबांच्या ध्यानात राहील, यावर माझा भरोसा नव्हता. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वावरात गेलो, खुरप्यानं माती काढली. एकोणीस अंडी निघाली. पांढरी, मऊ कवचाची. डालड्याच्या डब्यात माती भरून त्यात ठेवली, खड्डा पुन्हा बुजवला आणि डबा गोठ्यात कुटारात लपवला. ऊब मिळावी म्हणून. कोंबडी अंडी फिरवते हे पाहिलं होतं. म्हणून मीही रोज एकेक अंडं काढून उलटंसुलटं करायचो, उजेडात धरायचो, पाणी शिंपडायचो.

पुढच्या पाळीला वजन म्हणून मी वखरावर बसलो होतो. बाभळीजवळ आलं की बाबा बैल थांबवत. "उतर." मी उतरायचो. बाबा वखर उचलत, चार पावलं पुढं नेऊन टेकवत. "बस." वळून आलो की पुन्हा तेच. त्या मातीखाली काही नाही, हे आमच्या दोघांत मलाच माहीत होतं.

थंडीत आजी कुटार काढायला गेली आणि डबा सापडला. अंडी पिवळी पडून आत बसली होती, वर बुरशी आली होती. आजी रागावली नाही. म्हणाली, "कोंबडी तं अंड्यावर बसते बाप्पा. हे तं घालून निंगून गेली. तिचा मातीवर भरोसा हाये. तुहा नाही का?"

पुष्कळ वर्षांनी वाचलं की पक्ष्यांच्या अंड्यासारखं सरपटणाऱ्या जिवांचं अंडं फिरवायचं नसतं. वाढता गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो. उलटवलं की मरू शकतो. म्हणजे अंडी उपेक्षेनं मेली नव्हती. बहुधा माझ्या काळजीनंच मेली.

परवा पुण्याच्या भाच्यानं मोबाइलवर दाखवलं. परदेशात येमेनकडचे शॅमेलिऑन घरी पाळतात. प्लास्टिकच्या डब्यात ओलसर व्हर्मिक्युलाइट, त्यात ओळीनं अंडी, सहा-नऊ महिने वाट पाहणं. "मामा, आपल्या शेतातली अशी उबवता येतील ना? तिथं तर ट्रॅक्टरखाली जातील." माझंच दहाव्या वर्षाचं बोलणं मी त्याच्या तोंडून ऐकत होतो.

कायदा सांगणं सोपं होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दात सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणंच नव्हे, ती विचलित करणंही येतं. म्हणजे खुरपं घेऊन निघालेला मी शिकारीच. पण भाच्यानं वेळासचं उदाहरण काढलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या किनाऱ्यावर २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी समुद्री कासवांची अंडी हलवून जपली, पिल्लं समुद्रात सोडली. तिथं चालतं, मग इथं का नाही?

प्रश्न खोटा नव्हता. पण तिथं माणसं आणि कोल्ही-कुत्री घरटी उकरतच होती. अंडी जपून उचलून त्याच किनाऱ्याच्या वाळूत पुरली गेली, आणि पिल्लू निघालं की समुद्राचं झालं. माझ्या डब्यातलं पिल्लू निघालं असतं, तर मी ते सोडलं असतं का? नसतं. पोरांना दाखवलं असतं, खांद्यावर बसवलं असतं. मला ती जगायला हवी होती हे खरंच. पण माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या हातून. वाचवणं आणि मिळवणं यांतला फरक दहाव्या वर्षी कळला नाही. पन्नाशीतही दर वेळी कळतोच असं नाही. लेकरांच्या बाबतीत तर नाहीच.

बाबांनी काय केलं होतं? अंड्यांसाठी काहीच नाही. फक्त चार पावलं जागा सोडली. पिल्लं निघतील, न निघतील, त्यांना दिसणारही नव्हती. 

भाच्याला म्हटलं, "ढीग दिसला तर चार काड्या रोव आणि ट्रॅक्टरवाल्याला सांग. बस."

बाबांना मी डब्याचं कधी सांगितलं नाही. आजीनंही सांगितलं नसावं. कारण पेरणीच्या वेळीही त्यांनी तेवढी जागा सोडली होती. त्या वर्षी हिरव्या हरभऱ्यात बाभळीखाली एक उघडा तुकडा शेवटपर्यंत दिसत राहिला.