नवस फेडल्यानंतरची दोन वर्षं

आमच्या बसवकल्याण भागात कुणाच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर निघाला, की हैदराबादला किंवा सोलापूरला निघायची पिशवी भरण्याआधी नवस बोलला जातो. बसवेश्वरांच्या देवळात, बागसवारांच्या दर्ग्यात, माणिकनगरला प्रभूंच्या समाधीपुढे, तुळजापूरच्या भवानीला. एकाच घरातून चारही ठिकाणी बोलला जातो आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मलाही वाटत नाही. सगळ्या मतांना आपलं मानणारे माणिकप्रभू इथून जवळच्या लाडवंतीत जन्मले; ही रीत या मातीचीच आहे. नवसाबद्दल माझी तक्रार नाही. मला काळजी वाटते ती नवस फेडून झाल्यानंतरच्या काळाची.

लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कॅन्सर म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याच्या उपचाराचा पहिला महिना फार कठीण जातो. सलाईन, पाठीच्या मणक्यातून इंजेक्शनं, उलट्या, रक्तपेशींचे घसरलेले काउंट, रात्री-अपरात्री चढणारा ताप. महिन्याच्या शेवटी हाडातला मगज तपासतात आणि बहुतेक मुलांच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा झालेल्या असतात. अंगावरचे निळे डाग गेलेले, पोर हसायला लागलेलं. घरचे म्हणतात, देवानं ऐकलं. मुलाचं जावळ काढावं तसा सगळा सोहळा होतो, पेढे वाटले जातात, चादर चढते. इथंच घात होतो. सूक्ष्मदर्शकाखाली न दिसणाऱ्या पेशी शरीरात अजून अब्जांच्या घरात उरलेल्या असू शकतात. म्हणून उपचार तिथून पुढे साधारण दोन वर्षं चालतो. बरं दिसणाऱ्या मुलाला पुन्हा सुया टोचायला कशाला न्यायचं, भाडं कुठून आणायचं, शेत कुणावर टाकायचं, असं होत होत फेऱ्या थांबतात. अर्ध्यावर उपचार सुटणं हे आपल्या देशातल्या बालकर्करोगाचं मोठं दुखणं आहे, आणि ते अज्ञानापेक्षा समाधानातून आणि ओढाताणीतून जास्त येतं.

आजार दिसेनासा होणं आणि मूल बरं होणं यांत किती अंतर आहे, हे या औषधांच्या इतिहासातच लिहून ठेवलेलं आहे. 1928 साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि गिरणी कामगार बायकांच्या गरोदरपणातल्या रक्तक्षयाचा शोध घेऊ लागली. यीस्टच्या अर्कानं त्या बायकांचं रक्त सुधारतं, हे तिनं दाखवलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी तो ल्युकेमियाच्या मुलांना दिला, तर आजार उलट उसळला. मग त्यांनी विचार फिरवला: या पेशींना जे हवं आहे तेच अडवलं तर? ते अडवणारं औषध भीमवरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालच्या प्रयोगशाळेतून आलं. 1948 साली फार्बर यांनी सोळा मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतली दहा सुधारली होती. जगानं प्रथमच या आजाराला माघार घेताना पाहिलं. आणि काही महिन्यांत तो परतला. एका औषधानं, थोड्या काळानं भागत नाही, हे त्या लेकरांनी जीव देऊन शिकवलं. पुढे अनेक औषधं एकत्र आली. आपल्या अंगणातल्या सदाफुलीच्या जातीतून काढलेलं व्हिन्क्रिस्टीन त्यांतलंच. (त्याचा अर्थ सदाफुलीची पानं चावावीत असा मुळीच नाही, ती विषारी आहेत.) आज सधन देशांत या आजाराची शंभरातली जवळजवळ नव्वद मुलं जगतात. त्यामागं औषधांइतकाच त्या लांबलचक, कंटाळवाण्या वेळापत्रकाचा वाटा आहे.

अशा वेळापत्रकाला नवसाची श्रद्धा पुरत नाही. नवसात एक दिवस ठरलेला असतो. मागणं पूर्ण झालं, फेड झाली, हिशेब मिटला. पण बाराव्या शतकात याच कल्याणात बसवण्णा, म्हणजे बसवेश्वर, आणि त्यांच्या सोबतच्या शरणांनी, म्हणजे भक्तांनी, श्रद्धेची दुसरी एक घडण उभी केली होती. तिच्यात देवाशी सौदा नव्हता. कायक होतं, म्हणजे रोजचं काम हीच पूजा. दगडाच्या देवळाऐवजी देहालाच देऊळ मानणं होतं. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन, मन लागो न लागो, रोज बसणं होतं. त्यांच्यात संगण्णा नावाचे एक वैद्य होते आणि त्यांचं वैद्यकी हेच कायक होतं. देवाचं काम वेगळं आणि वैद्याचं वेगळं अशी वाटणी तिथं दिसत नाही. उपचाराच्या दुसऱ्या वर्षात मूल जी मर्कॅप्टोप्युरीनची गोळी रोज संध्याकाळी घेतं, ती मला त्या नेमाच्या फार जवळची वाटते. तळहातावर ठेवलेली, छोटी, रोजची. अमेरिकेतल्या मुलांच्या पाहणीत आढळलं, की शंभरातल्या पाचांहून जास्त गोळ्या चुकल्या तर आजार उलटण्याचा धोका स्पष्ट वाढतो. इतका कडक नेम पाळायचा, तर श्रद्धेच्या घरात वाढलेल्या माणसांना ते जमू शकतं. एकादशी, श्रावणी सोमवार, रमजानचे रोजे आपण पाळतोच. काउंट खाली असताना जत्रेला न जाणं, गर्दीतलं तीर्थ न घेणं, हेही त्याच नेमात बसतं.

आणि तरीही आजार उलटतो, कधी कधी. सगळं पाळूनही. तेव्हा ‘श्रद्धा कमी पडली’ असं त्या आईला ऐकवणारे नातेवाईक असतात. याच्याइतकं क्रूर बोलणं मला दुसरं माहीत नाही. रामकृष्ण परमहंस 1886 मध्ये घशाच्या कॅन्सरनं गेले. रमण महर्षींच्या हातावरच्या कॅन्सरच्या गाठीवर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या आणि 1950 मध्ये त्यांनी देह ठेवला. त्यांची श्रद्धा कुणी मोजावी? पेशीच्या जनुकांत झालेला बदल माणसाच्या भक्तीचा हिशेब विचारत नाही.

श्रद्धेला करण्यासारखं काम मात्र खूप आहे, आणि ते रोग्याच्या मनापेक्षा त्याच्या भोवतीच्या गावात जास्त आहे. प्लेटलेट काढल्यापासून साधारण पाच दिवसच टिकतात. त्या फार काळ साठवून ठेवता येत नाहीत, वेळेला माणूसच लागतो. बसवण्णांच्या काळात हरळय्या या शरणाच्या मुलाचं लग्न मधुवरस या दुसऱ्या शरणाच्या मुलीशी लागलं म्हणून, चांभार-ब्राह्मण सोयरीक झाली म्हणून, या कल्याणात त्या दोन्ही बापांना मारण्यात आलं. त्याच गावात आज कुठल्याही जातीच्या माणसाच्या दंडातल्या प्लेटलेट कुठल्याही जातीच्या लेकराला चालतात, आणि घेणारा जात विचारत नाही. दासोह म्हणजे आपल्याकडचं समाजाला देणं. ते याहून वेगळं काय असेल?

मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावानं चालणारी धर्मशाळा आहे. टाटा कॅन्सर रुग्णालयात आलेली गावोगावची माणसं तिथं राहतात आणि म्हणून त्यांना उपचार पुरा करता येतो. आपल्या जवळ कलबुर्गीत किदवई या कॅन्सर संस्थेचं केंद्र आहे. बसवकल्याणचे मठ, दर्गा आणि माणिकनगरचं संस्थान यांनी मिळून तिथं स्वच्छ खोल्या, उकळलेलं पाणी, गरम जेवण आणि येण्याजाण्याचं भाडं एवढी सोय करावी, असं मला मनापासून वाटतं. ज्या घरानं नवस फेडला आहे, त्या घरी सहा महिन्यांनी, वर्षानं, दीड वर्षानं त्याच देवस्थानातून कुणीतरी जाऊन विचारावं: पुढची तारीख कधी आहे, सोबत कोण जातंय?