लांबलेली इच्छा

एखादी वस्तू मनापासून हवी असता ती वर्षानुवर्षे न घेता राहणे, यास संयम म्हणावे काय? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर बहुधा विचार न करताच ‘होय’ असे दिले जाते. मला मात्र ते सरसकट मान्य करवत नाही.

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांचे उदाहरण घेऊ. शास्त्रीय संगीताचा त्यांस जुना नाद. सेनहायझर या जर्मन कंपनीने १९९७ साली काढलेला ‘एचडी ६००’ हा हेडफोन आपल्यापाशी असावा, ही त्यांची बारा वर्षांची इच्छा. कधी मुलीचे शिक्षण, कधी घराची गळती, कधी आईचे औषधपाणी, असे खर्च पुढे येत गेले व इच्छा मागे पडत गेली. ते योग्यच झाले. त्याविषयी वाद नाही. परंतु वस्तू घरात आली नाही, एवढ्यावरून ती मनातही नव्हती असे थोडेच? किमती पाहणे, जाणकारांची मते वाचणे, एकाची दुसऱ्याशी तुलना करणे, यांत त्यांच्या किती संध्याकाळी गेल्या ते त्यांच्या पत्नीच सांगू शकतील. समोर गाणे चालू असता, हेच ‘त्या’ हेडफोनातून कसे लागेल, हा विचार! गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचेच चिंतन करीत बसणाऱ्यास मिथ्याचारी म्हटले आहे. शब्द कठोर आहे, आणि मास्तरांसारख्या सरळ गृहस्थास तो लावताना जीभ अडखळते. तथापि पैशाअभावी न घेणे निराळे आणि इच्छाच विरल्यामुळे न घेणे निराळे. पहिल्याचा गौरव दुसऱ्याच्या नावाने करू नये.

शिवाय कानही म्हातारा होतो, ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. तरुण कानास सेकंदास सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचे नाद कळतात. वय वाढते तशी ही मर्यादा वरच्या बाजूने उतरत जाते, आणि गेलेले परत येत नाही. मोठ्या आवाजाने तर ही झीज अधिकच लवकर होते. जागतिक आरोग्य संघटनेने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास, एवढीच मर्यादा सांगितली आहे. आता तंबोऱ्याच्या जवारीतून उठणाऱ्या झंकाराचे तेज वरच्या स्वरांशांतच असते. म्हणजे ज्या सूक्ष्मतेसाठी हा खटाटोप, ती ऐकण्याची पात्रताच वाट पाहण्यात थोडीथोडी खर्ची पडते. कर्तव्यापुढे इच्छेने मागे राहावे हे खरे; पण ‘म्हातारपणी निवांत ऐकू’ हे आश्वासन कानास देता येत नाही.

गेल्या वर्षी मास्तरांनी अखेर तो हेडफोन घेतला. पहिल्या दिवशी त्यांनी कुमार गंधर्वांचे गाणे लावले. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या आणि पुढे देवासला राहिलेल्या या गायकाचे गाणे क्षयाच्या आजाराने काही वर्षे थांबले होते. ते पुन्हा गाऊ लागल्यानंतरच्या ध्वनिमुद्रणात दोन सुरावटींमध्ये घेतलेला श्वास मास्तरांस स्पष्ट ऐकू आला. त्या संध्याकाळी त्यांनी दुसरे काही लावलेच नाही. बारा वर्षांच्या चिंतनापेक्षा तो अर्धा तास मला अधिक सात्त्विक वाटतो.

कानांवर यंत्र चढवून एकट्याने ऐकणे हे आत्मकेंद्री नव्हे काय, असाही आक्षेप घेतला जातो. कीर्तनात वा मैफलीत शेजारच्याची मान डोलते त्यात जो आनंद आहे, तो येथे नाही, हे मान्यच केले पाहिजे. मात्र हा हेडफोन पाठीमागून उघड्या जातीचा आहे. १९६८ साली याच कंपनीने ‘एचडी ४१४’ काढून ही जात प्रथम रूढ केली. यातील आवाज थोडा बाहेर येतो आणि बाहेरचा आत जातो. स्वयंपाकघरातील हाक ऐकू आली नाही, अशी सबब मास्तरांस सांगता येत नाही.

खरी कसोटी निराळीच. या हेडफोनाचा विद्युत्‌रोध ३०० ओहम असल्यामुळे त्याचा पूर्ण गुण उतरण्यास स्वतंत्र ॲम्प्लिफायर असलेला बरा, असे जाणकार म्हणतात, आणि ते खोटे नाही. ययातीस मुलाचे तारुण्य मागून घेऊनही पुरले नाही. त्याला तर असा सल्ला देणारेही कोणी नव्हते. मास्तरांनी ॲम्प्लिफायरचे अद्याप काही ठरविलेले नाही. मीही विचारलेले नाही.