बंद पडलेले म्हणजे मेलेले नव्हे



हरवलेल्या नाण्याचा दृष्टान्त तुम्ही पुष्कळदा ऐकला आहे. त्या स्त्रीने नाणे सापडेना म्हणून घराच्या भिंती पाडल्या नाहीत, शेजारणीवर आळ घेतला नाही, की हातपाय गाळून ती बसली नाही. आधी तिने उजेड केला, मग केर काढला, आणि एकेक कोपरा पाहिला. ह्या दृष्टान्ताचा मुख्य अर्थ फार थोर आहे. परंतु आज आम्ही केवळ तिच्या शोधण्याच्या रीतीकडे तुमचे लक्ष वेधतो. कारण घरी आणलेला जुना संगणक सुरू होईनासा झाला म्हणजे नेमकी हीच रीत कामास येते.

ही लहान गोष्ट आहे असे कोणी म्हणू नये. वसमत तालुक्यातील हट्टा व आसपासच्या गावांत हळद, कापूस व सोयाबीन यांवर संसार चालतात. तेथे नवा संगणक घेणे थोड्यांसच परवडते. शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविम्याची नोंद, सात-बारा उतारा, मुलीचा अभ्यास, ही सर्व कामे तर आता ह्याच यंत्रावर होतात. म्हणून लोक शहरातून जुने यंत्र आणतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबविला; त्यामुळे विंडोज ११ न चालणारी पुष्कळ धडधाकट यंत्रेही कचेऱ्यांस नकोशी झाली. जुने यंत्र घेण्यात कमीपणा मुळीच नाही. आय. बी. एम. ही बलाढ्य कंपनी १९७८ साली भारतातून निघून गेली. तत्पूर्वी परदेशात वापरून झालेली १४०१ जातीची यंत्रे दुरुस्त करून ती येथील मोठमोठ्या संस्थांस भाड्याने देत असे. तेव्हा जुन्या यंत्रावर काम करणारे आपण पहिलेच नव्हे.

परंतु एके सकाळी बटण दाबले आणि यंत्र बोलेना, म्हणजे घरात काय होते? कोणी म्हणतो, “मदरबोर्ड गेला.” कोणी म्हणतो, “भंगारात घाला.” यंत्र बाजारात नेले जाते, आणि जो दोष घरी बसल्या सापडला असता त्यासाठी आठ-दहा दिवसांची मजुरी जाते. प्रियहो, ज्याची परीक्षा केली नाही त्यास मृत म्हणू नये. परीक्षेचा क्रम आम्ही सांगतो, तो ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट ही की, मुळापासून आरंभ करावा. संगणकास वीज मिळते काय, हे आधी पाहावे. त्याच सॉकेटात दिवा किंवा मोबाईलचा चार्जर लावून पाहावा. दिवा लागला तरी तो मंद आहे काय, हे पाहावे. आपल्या देशात घरगुती वीज २३० व्होल्ट असावयाची, परंतु मोटारपंप चालू असता ती कधी कधी बरीच उतरते. मग पॉवर केबल दोन्ही टोकांस घट्ट बसवावी, व शक्य तर दुसरी केबल लावून पाहावी. पेटीच्या मागे लहानसे बटण असते, ते चालू आहे काय? काही जुन्या पेट्यांच्या मागे ११५ व २३० असे आकडे लिहिलेली लाल खटकी असते. ती २३० वरच असली पाहिजे. ११५ वर ठेवून वीज दिल्यास आतला भाग जळतो. मॉनिटरची केबल निराळी असते. पेटीचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा, अशा वेळी आधी मॉनिटर व त्याची केबल तपासावी. पुष्कळदा संगणक निर्दोष असून दोष त्याच्या शेजाऱ्याचा असतो.

दुसरी गोष्ट ही की, यंत्र काय सांगते ते ऐकावे. १९८१ साली आय. बी. एम. ने आपला पर्सनल कॉम्प्युटर विक्रीस काढला. त्यातही ही सोय होती की, सुरू होताच यंत्र स्वतःची तपासणी करी व दोष असल्यास शिटीसारखा आवाज करून कळवी. ती रीत पुढेही चालू राहिली. पुष्कळ यंत्रांत एकच आखूड आवाज म्हणजे सर्व ठीक. आवाज पुनःपुन्हा येऊ लागला तर बहुधा रॅममध्ये दोष असतो. आवाजांचा अर्थ कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून ते किती व कसे झाले हे कागदावर लिहून ठेवावे. दिवाही नाही आणि पंखाही नाही, तर दोष विजेच्या वाटेवर शोधावा. पंखा फिरतो व मॉनिटर चांगला असून पडदा काळाच, तर रॅमकडे पाहावे. पडद्यावर अक्षरे येतात पण तारीख अनेक वर्षे मागची दिसते, तर मदरबोर्डावरील नाण्याएवढा सेल संपला आहे. त्यावर बहुधा सी. आर. २०३२ असे लिहिलेले असते; तो ३ व्होल्टचा असून थोड्या पैशांत मिळतो. डिस्क सापडत नाही असा मजकूर येत असेल, तर हार्ड डिस्कची केबल सैल झाली आहे काय, ते पाहावे.

तिसरी गोष्ट ही की, एका वेळी एकच बदल करावा. जो पाच गोष्टी एकदम हलवितो, त्याचे यंत्र दैवयोगाने चालू झाले तरी दोष कोणता होता हे त्यास कळत नाही. पेटी उघडण्यापूर्वी केबल काढावी, बटण काही क्षण दाबून धरावे, आणि पेटीच्या उघड्या धातूस हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज निघून जाते. हळदीस पॉलिश करण्याच्या दिवसांत आपल्या भागात बारीक पिवळी धूळ घरोघर शिरते, ती यंत्राच्या पोटातही जाते. मऊ कोरड्या ब्रशाने ती झाडावी. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच पुसावी, भुगा झाडावा, आणि खटक्या बसेपर्यंत ती सरळ दाबावी. पट्ट्या दोन असल्यास एकेक लावून पाहावी. ह्या एका उपायाने उठलेली यंत्रे आम्ही स्वतः पाहिली आहेत. मदरबोर्डावरील नळकांड्यांसारख्या कपॅसिटरांची डोकी फुगली आहेत काय, हेही पाहावे. १९९९ ते २००७ च्या सुमाराच्या पुष्कळ यंत्रांत निकृष्ट कपॅसिटर गेल्यामुळे ती अकाली बंद पडली. अशी फूग दिसली तर ते काम जाणत्या कारागिराचे होय.

चौथी गोष्ट ही की, आपली मर्यादा ओळखावी. ज्या डब्यात विजेची केबल जाते त्यास एस. एम. पी. एस. म्हणतात. तो डबा कदापि उघडू नये. केबल काढल्यावरही त्यात घातक वीज साठून राहू शकते. तो बिघडला असेल तर आखाच बदलावा. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली तर ती टोचू नये व चार्जही करू नये.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. यंत्र न उठले तरी त्यातील कागदपत्रे बहुधा जिवंत असतात. ती हार्ड डिस्कवर असतात, आणि ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडता येते. म्हणून दुकानात कोणी “नवीन विंडोज टाकून देतो” असे म्हणाला, तर त्यास आधी थांबवावे. त्या कामात जुने सर्व पुसले जाण्याचे भय असते. मंडळीची नोंदवही, आजोबांचे एकुलते एक छायाचित्र, मुलीचे अर्ज, ही आधी दुसरीकडे उतरवून घ्या, मग काय ते करा. यंत्र पुन्हा मिळेल, ती छायाचित्रे मिळणार नाहीत.

विकणाऱ्यांसही आमचे एक सांगणे आहे. दोष ठाऊक असता तो लपवून गरिबास यंत्र देणे ही चोरीच होय. आणि घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी यंत्र आपल्यासमोर सुरू करवावे, अर्धा तास चालवावे, पूर्ण बंद करवून पुन्हा सुरू करवावे, आणि मगच गाठ सोडावी.

कॅटेकिस्ट बंधूंनो, तुम्ही खेडोपाडी जाता, व लोक तुमचे ऐकतात. कोणाच्या घरी यंत्र बंद पडले असेल तर हा क्रम त्यांस सांगा: वीज, केबल, मॉनिटर, आवाज, रॅम, सेल, डिस्क, आणि एका वेळी एकच. जेथे सात पायऱ्या तपासूनही यंत्र उठत नाही, तेथे काय तपासले ह्याचा कागद हाती घेऊन खुशाल कारागिराकडे जावे. ज्याच्या हाती असा कागद आहे त्यास फसविणे सोपे नसते, आणि प्रामाणिक कारागिराचेही अर्धे काम त्याने वाचते. एका घरची आठ दिवसांची मजुरी वाचली, एका मुलीचा अर्ज वेळेत गेला, तर तेवढ्यानेही तुमची खेप सुफळ झाली असे समजा.